शेवटचं युनिट

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी एक दुमजली घर होतं. खाली थोरला भाऊ राहायचा, वर धाकटा. आई खालीच, देवघराला लागून असलेल्या खोलीत झोपायची. चूल एक होती, नळ एक होता आणि विजेचं मीटरही एकच होतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी बिलावर नाव अजून त्यांचंच यायचं. बिल थोरला भरायचा, किराणा धाकटा भरायचा. कोणी कोणाला हिशेब विचारत नव्हतं.

खाली बैठकीत कूलर होता. वरच्या खोलीतही होता, पण वरची खोली थेट स्लॅबखालची. होळी झाली की स्लॅब तापायला लागायचा आणि एप्रिलमध्ये तर कूलर गरम हवाच गोल गोल फिरवायचा. 2024 च्या उन्हाळ्यात धाकट्याचं बाळ दहा महिन्यांचं होतं. त्याच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं. रात्ररात्र ते किरकिरायचं. धाकटी त्याला खांद्यावर टाकून गच्चीवर फेऱ्या मारायची.

एप्रिलच्या मध्यावर धाकट्याने हप्त्यांवर एसी घेतला. दीड टनाचा, तीन स्टारचा. दुकानदाराने त्यावरचं स्टिकर दाखवलं. वर्षाला हजाराच्या आसपास युनिटं, असा आकडा होता. धाकट्याने तिथेच मनात बाराने भागलं. महिन्याला ऐंशी-पंच्याऐंशी युनिटं. एवढं परवडेल, असं त्याला वाटलं.

त्या रात्री बाळ झोपलं. धाकटी झोपली. धाकटाही झोपला.

महिन्याने बिल आलं. थोरल्याने ते ओट्यावर उभं राहून वाचलं, मग आत येऊन बसून वाचलं. गेल्या वर्षी याच महिन्यात 180 युनिटं झाली होती. या वेळी 480 झाली होती. रक्कम पावणेसात हजारांच्या वर गेली होती.

संध्याकाळी थोरल्याने धाकट्याला खाली बोलावलं. त्याच्या हातात वही होती.

"हे बघ," थोरला म्हणाला, "आपल्या घराची 180 युनिटं नेहमीचीच आहेत. वरची 300 तुझ्या एसीची. आता दर बघ. पहिली 100 युनिटं सहा रुपयांच्या आत पडतात. 101 ते 300 साडेअकराच्या आसपास. 300 च्या पुढे पावणेसोळा. एसी नसता तर आपण शंभर स्वस्तातली आणि ऐंशी मधल्या दरातली वापरली असती. दीड हजारात भागलं असतं. स्थिर आकार आणि वीज शुल्क वेगळं. एसी आला म्हणून पुढची सगळी महाग युनिटं आली. ती तुझी. एकट्या एसीचे नुसते युनिटांचे 4,200 रुपये होतात."

धाकट्याने वही हातात घेतली. तो पतसंस्थेत नोकरीला होता, आकड्यांना घाबरणारा नव्हता.

"दादा, तुमची युनिटं आधी आणि माझी नंतर, हे कोणी ठरवलं?" तो म्हणाला. "माझी 300 आधी मोज. शंभर स्वस्तातली, दोनशे मधल्या दरातली. त्याचे होतात 2,880. मग तुमची 180 येतील पावणेसोळाने. त्याचे 2,830. म्हणजे दोघांचं जवळपास सारखंच झालं."

"एसी तू लावलास," थोरला म्हणाला.

"आणि फ्रिज कोणी लावला? कूलर कोणी लावला?" धाकटा म्हणाला.

दोघांनी पुन्हा बेरीज केली. दोघांची बेरीज पुन्हा तीच आली. एकच यंत्र, एकच महिना, पण एकाच्या वहीत त्याचा खर्च 4,200 होता आणि दुसऱ्याच्या वहीत 2,880.

त्या रात्रीपासून घरात बोलणं कमी झालं. थोरला वर जाणाऱ्या जिन्यातला दिवा मालवू लागला. धाकटा खाली आला की कूलर चालू आहे का, ते आधी बघू लागला. धाकटीने खालच्या फ्रिजमध्ये बाळाचं दूध ठेवायचं बंद केलं. थोरली स्वयंपाकघरात काही बोलली नाही, पण भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटू लागली.

चार दिवसांनी थोरल्याने दुसऱ्या मीटरच्या अर्जाचा कागद आणला.

"दोन मीटरं घेऊ," तो म्हणाला. "तुझं तुला, माझं मला. भांडणच नको."

धाकट्याने मान हलवली. त्यालाही ते पटलं होतं.

आई देवघरातून ऐकत होती. ती बाहेर आली.

"दुसरं मीटर सहज मिळतं का?" तिने विचारलं.

"चूल वेगळी आहे असं दाखवावं लागतं," थोरला म्हणाला. "नुसतं कागदावर, आई."

"आज कागदावर, उद्या ओट्यावर," आई म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपल्या भावाला फोन लावला.

मामा लाइनमन होते. खांबावर चढण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी कुठल्याही घरी गेले की आधी मीटरकडे बघायची सवय सुटली नव्हती. दुपारच्या एसटीने ते आले. हातपाय धुतले, जेवले, सुपारी कातरली. मग दोन्ही भाच्यांच्या वह्या मागून घेतल्या. डोळ्यांवर चष्मा चढवला आणि अर्जाच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने सगळा हिशेब स्वतः मांडला.

"दोघांचंही गणित बरोबर आहे," ते म्हणाले.

दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"दोन मीटरं घेतलीत तर पैसे वाचतील, हेही खरं," मामा म्हणाले. "शंभर स्वस्त युनिटं दोनदा मिळतील. स्थिर आकार दोनदा भरूनही या बिलात तेराशे-चौदाशेचा फरक पडला असता. पण एका चुलीच्या घराने त्यासाठी खोटं लिहून द्यायचं आणि ताईने ते बघायचं, एवढं ते स्वस्त आहे का, ते तुम्ही ठरवा. मला आज रात्री एक करू द्या. थोरल्या, तू वर झोप. एसी बंद. धाकटा खाली झोपेल. बाळ आणि सूनबाई ताईजवळ."

मामांच्या शब्दाला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती.

रात्री थोरला उशी घेऊन वर गेला. पंखा पाचवर होता. वरून येणारी हवा गरम होती, आणि पंखा जितका जोरात फिरे तितकी ती जास्त अंगावर येई. अकरा वाजता त्याने पलंगावर उभं राहून छताला हात लावला. सूर्य मावळून चार तास झाले होते, तरी छत ऊन-ऊन लागलं. त्याने चादर पाण्यात भिजवून अंगावर घेतली. अर्ध्या तासात ती वाळली. एक वाजता तो जिना उतरून खाली आला आणि ओट्यावर आडवा झाला.

खाली धाकट्यालाही नवी जागा म्हणून नीट झोप लागत नव्हती. कूलरचं पाणी टपटपत होतं. फ्रिज मधूनच घरघरत सुरू व्हायचा आणि थांबायचा. तो पाण्यासाठी उठला. फ्रिज उघडला तर दारात बाळाच्या औषधाची बाटली होती. दूध उचललं होतं, औषध तिथेच राहिलं होतं. आईच्या खोलीत रात्रभर जळणारा छोटा दिवा होता, कारण तिला अंधारात उठताना दिसत नसे. पहाटे पाचला थोरलीने उठून मोटर लावली. एक अश्वशक्तीची मोटर चाळीस मिनिटं चालली. पाणी चढत होतं ते गच्चीवरच्या टाकीत, आणि त्या टाकीतून सकाळी धाकट्याची आंघोळ होत असे, बाळाचे कपडे धुतले जात. धाकट्याने अंथरुणातच हिशेब केला. रोजचं अर्ध्या युनिटाहून जास्त.

सकाळी चहा घेताना मामांनी थोरल्याला विचारलं, "झोप लागली का रे?"

"नाही लागली," थोरला म्हणाला.

आई कपात चहा ओतत होती. ती वर न बघताच म्हणाली, "वरचा मजला चढवला तो तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. त्याआधी या बैठकीवर नुसता स्लॅब होता. तू उन्हाळ्यात ओला पंचा पांघरून याच जागी तळमळायचास. तेव्हा तुझे वडील म्हणाले, वर दोन खोल्या काढू, म्हणजे खाली गार राहील."

थोरल्याने मान वर करून बैठकीच्या छताकडे बघितलं. मग उठून स्टुलावर चढला आणि छताला हात लावला. छत गार होतं. इतकी वर्षं तो त्या छताखाली झोपत होता, पण वरून येणारं ऊन कुठे अडतं, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

मामा धाकट्याकडे वळले. "आणि तू? मोटर कोणाच्या खात्यात धरली होतीस?"

धाकटा काही बोलला नाही. त्याने मोटर खालच्यांच्या 180 युनिटांत धरली होती.

दुपारी मामा वर गेले. दार लोटलेलं होतं आणि आत एसी चालू होता. दारापाशी लहान चपलांचे दोन जोड होते. थोरल्याची दोन्ही मुलं आत बाळाशेजारी फरशीवर पट मांडून बसली होती. शाळेला सुट्टी लागल्यापासून ती रोज दुपारी तिथेच असायची. धाकटीने कधी तसं खाली बोलून दाखवलं नव्हतं. मामांनी थोरल्याला हाक मारली, त्या चपला दाखवल्या आणि दार पुन्हा लोटून घेतलं.

रात्री दहा वाजता मामांनी सगळ्यांना ओट्यावर मीटरसमोर बसवलं. घरातले सगळे दिवे, पंखे, कूलर, फ्रिज बंद करायला लावले. फक्त वरचा एसी चालू ठेवला. धाकटा रोज लावायचा तसाच, 18 वर. अंधारात मीटरचा बारीक लाल दिवा लुकलुकत होता.

"या मीटरवर 3200 आकडा छापलाय, दिसतो का?" मामा म्हणाले. "हा दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. पोरांनो, मोजा."

थोरल्याच्या मुलांनी मोजायला सुरुवात केली. मामा घड्याळ धरून होते. एका मिनिटात दिवा सत्तर वेळा लुकलुकला.

"म्हणजे पाऊण तासाला एक युनिट," धाकटा म्हणाला.

अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं. सत्तर. तासाने मोजलं. तरी सत्तरच्या खाली उतरेना.

"खोली गार झाली नाही का?" थोरल्याने विचारलं.

"झाली," धाकटी म्हणाली. "आम्ही गोधडी घेऊनच झोपतो."

मामा हसले. "म्हणजे गार करायची वीज आणि उबेची गोधडी, दोन्ही एकाच खोलीत. आता 26 वर लावा आणि पंखा दोनवर ठेवा."

धाकटी वर जाऊन लावून आली. दिवा तसाच लुकलुकत होता, मग हळूहळू मंद होऊ लागला. पन्नास. चाळीस. शेवटी मिनिटाला तीसवर येऊन ठरला. बाळ वर झोपलेलंच होतं. धाकटीने जाऊन पाहिलं, त्याच्या पाठीला घाम नव्हता.

"आता एक युनिट जळायला पावणेदोन तास लागतील," मामा म्हणाले. "पंखा तर चौदा-पंधरा तासांत एक युनिट खातो, पण वारा अंगावर आला की 26 अंशही गार वाटतात. स्टार लावलेल्या एसीचं मूळ सेटिंग 24 असावं, असा 2020 पासून नियमच आहे. एक अंश वर नेला की सहा टक्के वीज वाचते, असा सरकारी ब्युरोचा हिशेब आहे. तू रोज बटण दाबून दाबून 18 वर आणत होतास."

"पण स्टिकरवर तर वर्षाला हजार युनिटं लिहिली होती," धाकटा म्हणाला. "माझी एका महिन्यात तीनशे गेली."

"ती हजार युनिटं 1600 तासांची आहेत. तू ती बारा महिन्यांत वाटलीस. डिसेंबरात एसी लावणार आहेस का? रोजचे नऊ तास धरले तर स्टिकरच्या हिशेबानेही महिन्याला पावणेदोनशे होतात. आणि उरलेली सव्वाशे कुठे गेली, ते उद्या उजेडात बघू."

दुसऱ्या दिवशी मामांनी दोघा भावांना बरोबर घेऊन वरची खोली तपासली. आधी आतल्या युनिटचं झाकण उघडून जाळी काढली. एका महिन्यात तिच्यावर धुळीचा राखाडी थर बसला होता. धाकट्याने ती नळाखाली धरली तर मोरीत गाळ झाला. जुन्या कूलरसाठी कापलेली खिडकी पुठ्ठ्याने बंद केली होती. मामांनी तिच्या कडेला अगरबत्ती धरली. धूर सरळ फटीतून बाहेर ओढला गेला. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर होतं आणि दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत उन्हात तापत होतं.

"हे यंत्र थंडी बनवत नाही," मामा म्हणाले. "हा हमाल आहे. खोलीतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. एका युनिटाच्या मजुरीत तीन-साडेतीन युनिटांएवढी उष्णता तो उचलतो, इतका इमानी आहे. पण ओझं किती द्यायचं, ते आपल्या हातात. स्लॅबमधून येतंय, फटीतून येतंय, आणि आपण म्हणतोय, मजुरी फार झाली."

मग त्यांनी एसीच्या पाण्याच्या नळीखाली ठेवलेली बादली दाखवली. ती निम्मी भरली होती.

"आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडीठाक असते. मग एवढं पाणी आलं कुठून?"

थोरला विचार करू लागला. मामा जिन्यापाशी जाऊन उभे राहिले. खालच्या कूलरची दमट हवा जिन्याच्या वाटेने वर येत होती आणि दाराखालच्या फटीतून खोलीत शिरत होती. बैठकीची मागची खिडकी बंद होती, म्हणून तिला दुसरी वाट नव्हती. खालचा कूलर हवेत पाणी मिसळत होता आणि वरचा एसी तेच पाणी वीज खर्चून पिळून काढत होता.

थोरला काही न बोलता खाली गेला आणि त्याने मागची खिडकी उघडली. कूलरची हवा खेळू लागली, बैठक आधीपेक्षा गार झाली. वर दाराखाली धाकटीने जुन्या साडीची गुंडाळी लावली.

पुढचे दोन दिवस घरात बांधकामासारखी धांदल होती. थोरल्याने बाजारातून कळीचा चुना आणला. पिंपात भिजवला, गाळला, त्यात गोंद घातला. पहाटे ऊन चढायच्या आत दोघा भावांनी गच्ची झाडून, धुऊन चुन्याचा पहिला हात दिला. दुसऱ्या पहाटे दुसरा. थोरलीने कुंचा मुलांच्या हातून काढून घेतला आणि कडेकोपरे स्वतः भरले. खिडकीच्या फटी धाकट्याने फळी ठोकून बुजवल्या. बाहेरच्या युनिटवर बांबूच्या तट्ट्याची सावली केली, पण ती दोन हात वर, म्हणजे गरम हवेला निघायला वाट राहील. त्या दुपारी गच्चीवर डोळे दिपत होते. रात्री अकराला थोरल्याने मुद्दाम वर जाऊन छताला हात लावला. छत कोमट होतं.

जाताना मामांनी वरच्या लाइनवर एक सबमीटर बसवून दिलं.

"महिन्याला आलेली एकूण रक्कम एकूण युनिटांनी भागा," ते म्हणाले. "जो दर येईल तोच वरच्याला, तोच खालच्याला. कोणाची युनिटं आधी आणि कोणाची नंतर, हा प्रश्न मीटरला पडत नाही. तुम्हीही पाडून घेऊ नका."

"मोटर?" धाकट्याने विचारलं.

"ती दोघांची. फ्रिज दोघांचा. ताईचा दिवा दोघांचा."

"आणि चुना माझा," थोरला म्हणाला. "दर वर्षी होळी झाली की गच्चीला मी चुना देईन. खर्चही माझा."

धाकटा काही तरी म्हणणार होता, पण आईने त्याच्याकडे बघितलं आणि तो गप्प बसला.

पुढचं बिल जूनच्या मध्यावर आलं. त्या महिन्यात नवतपा येऊन गेला होता, म्हणजे ऊन आधीच्या महिन्यापेक्षा कडकच होतं. एसी रोज तितकाच वेळ चालला होता. तरी 480 ची 365 युनिटं झाली होती. बिल साधारण एकवीसशे रुपयांनी उतरलं होतं. युनिटं पाव हिश्श्याने कमी झाली होती, पण रक्कम जवळपास तिसऱ्या हिश्श्याने. धाकट्याने त्याचं कारण लगेच ओळखलं. वाचलेली सगळीच्या सगळी 115 युनिटं पावणेसोळाच्या दरातली होती. तीनशेच्या वर आता थोडीच उरली होती.

"ही वाचली ती कोणाची रे?" थोरल्याने विचारलं.

"कोणाची म्हणून सांगू?" धाकटा म्हणाला. "फट मी बुजवली, खिडकी तू उघडलीस, चुना दोघांनी लावला."

थोरल्याने बिल भरलं. सरासरी दराने धाकट्याचा जो वाटा आला, तो त्याने त्याच संध्याकाळी आणून दिला. धाकटीने बाळाचं दूध पुन्हा खालच्या फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या मीटरचा अर्ज कोणी शोधला नाही. त्याच्या पाठीवर मामांचे आकडे होते, तो भरायच्या लायकीचा राहिलाही नव्हता.

त्या दोन भावांच्या वहीत बेरीज कुठेच चुकली नव्हती, चुकला होता तो क्रम. एकत्र राहणारी माणसं हिशेबाला बसली की प्रत्येकाला आपला खर्च आधीचा, म्हणून रास्त वाटतो, आणि दुसऱ्याचा नंतरचा, म्हणून महाग. घरात असो, गावात असो, की देशात, शेवटचं महाग युनिट नेहमी दुसऱ्याच्याच नावावर पडतं. असा हिशेब कितीही काटेकोर केला तरी त्यातून वाटणीच निघते, बचत निघत नाही. बचत निघाली ती, ओझं येतं कुठून, हे दोघांनी मिळून बघितल्यावर.

आणि वहीत एक रकाना तर कोणाच्याच नव्हता. वापरलेल्या विजेचं बिल दर महिन्याला छापून येतं. आपल्या डोक्यावरचं ऊन दुसऱ्याने सोसलं, त्याचं बिल कधीच येत नाही. ते ज्याचं त्याने आठवणीने मांडायचं असतं.